मेंदूतील ‘गाठ’ : एका शब्दाची मर्यादा

मराठी विज्ञानलेखनात मेंदूतील ट्यूमरला सर्रास ‘गाठ’ म्हटले जाते. ग्लायोब्लास्टोमाबाबत हा शब्द दिशाभूल करणारा आहे. ‘गाठ पूर्ण काढली ना?’ हा नातेवाइकांचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. प्रत्यक्षात ही विकृती भोवतालच्या पेशींत मिसळलेली असते. मेंदूच्या रक्षक मायक्रोग्लिया पेशी तिच्याच वाढीस साहाय्य करू लागतात. चेतापेशींचे तिच्याशी सायनॅप्स जुळतात, हे २०१९ मधील संशोधनाने दाखविले. प्रतिकारशक्तीवरील अंकुश काढणारे निवोलुमॅब ‘चेकमेट १४३’ चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही; ‘गाठ’ या शब्दातून या अपयशाचा उलगडा होत नाही. अधिक नेमका शब्द वाशिमच्या ‘वत्सगुल्म’ या प्राचीन नावातच आहे. ‘गुल्म’ म्हणजे झुडुपांची जाळी. आयुर्वेदात तो उदरातील व्याधीचा वाचक असल्याने संज्ञा म्हणून चालणार नाही, उपमा म्हणून मात्र चालावा.