बेडकीचं कातडं कोणी चढवलं? रशियन परीकथा, ॲनिमेशनपट आणि स्त्री

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर हे कार्टूनचं खूळ कशाला? कारण असं की अपराध म्हणजे काय आणि शिक्षा कोणाला व्हावी, याचे पहिले धडे आपण कुठल्या ग्रंथातून घेत नाही. ते गोष्टीतून घेतो. आणि गोष्ट आता आजीच्या तोंडून कमी, पडद्यावरून जास्त येते. तेव्हा कागदावरून पडद्यावर जाताना गोष्टीतलं काय गळतं, हे तपासणं हा तत्त्वज्ञानाचाच उद्योग आहे.

रशियन परीकथा मराठी माणसाला परक्या नाहीत. मॉस्कोहून छापून येणारी स्वस्त, देखणी मराठी पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. बाबा यागाची कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी आपण तिथेच पाहिली. त्यामुळे थेट एका गोष्टीत शिरू: बेडूक राजकन्या.

कथा थोडक्यात अशी. तीन राजपुत्र बाण सोडतात. धाकट्या इवानचा बाण दलदलीत बेडकीपाशी पडतो आणि त्याला तिच्याशी लग्न करावं लागतं. ही बेडकी म्हणजे वासिलीसा. ती एका रात्रीत पाव भाजते, गालिचा विणते. मेजवानीत नाचताना एक बाही झटकते तर तळं होतं, दुसरी झटकते तर त्यावर हंस तरंगू लागतात. इवान घाईने तिचं कातडं जाळतो आणि ती नाहीशी होते. मग तो तिला शोधायला निघतो, अमर कोश्चेईचा प्राण ज्या सुईत आहे ती मिळवतो आणि बायकोला सोडवतो.

आता प्रश्न असा, की ती बेडकी झाली कशामुळे? अफानास्येवने 1855 ते 1863 या काळात रशियन लोककथांचा जो मोठा संग्रह छापला, त्यात या कथेचे तीन पाठ आहेत. त्यांतल्या एका पाठात इवानला वाटेत एक म्हातारा भेटतो आणि कारण सांगतो. वासिलीसा जन्मतःच बापापेक्षा जास्त शहाणी निघाली. बापाला ते सहन झालं नाही, म्हणून त्याने तिला तीन वर्षं बेडकी होऊन राहण्याची आज्ञा केली. हाच म्हातारा इवानलाही खडसावतो, की जे कातडं तू चढवलं नव्हतंस, ते उतरवणं तुझं काम नव्हतं.

मंडळी, या दोन वाक्यांत काय काय आहे बघा. पहिल्यात अपराधाचं नाव आहे: मुलीची बुद्धी. शिक्षा देणाऱ्याचंही नाव आहे: बाप. दुसऱ्या वाक्यात तर आमच्या मते सगळ्या कथेचा गाभा आहे. बापाने तिला न विचारता कातडं चढवलं, नवऱ्याने तिला न विचारता जाळलं. एकाचा हेतू द्वेषाचा, दुसऱ्याचा प्रेमाचा. पण निर्णय दोन्ही वेळा तिचा नव्हता. निरक्षर सांगणाऱ्यांच्या तोंडी टिकलेल्या कथेला हा फरक कळत होता.

आता पडद्याकडे येऊ. मॉस्कोच्या सोयूझमुल्तफिल्म या 1936 साली स्थापन झालेल्या स्टुडिओने 1954 साली ही कथा पडद्यावर आणली. दिग्दर्शक मिखाईल त्सेखानोव्स्की. चित्रपट सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण इथे वासिलीसा बेडकी होते ती कोश्चेईमुळे. त्याला तिच्याशी लग्न करायचं असतं, ती नकार देते, तो शाप देतो. बाप गायब!

कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? नकार देणारी स्त्री ही उलट जास्त धीट नाही का? आहे. कथानकाची सोयही झाली, एकच खलनायक पुरला. पण किंमत काय मोजली? अपराधाचं कारण बदललं. आधी तिची बुद्धीच कुणाला तरी खुपत होती. आता तिचं रूप कुणाला तरी हवं आहे. बुद्धी उरली ती पाव आणि गालिच्यापुरती, म्हणजे सासरी शाबासकी मिळवण्यापुरती. आणि जुलूम घरातून उठून दूरच्या काळ्या किल्ल्यात गेला. मूल चित्रपट पाहून उठतं ते ही समजूत घेऊन, की मुलींना छळणारे राक्षस असतात आणि ते लांब राहतात.

यावर एक नेहमीचा बचाव असतो. लहान मुलांना बापाची क्रूरता दाखवायची नाही म्हणून असं केलं असेल. ठीक. पण मग त्याच स्टुडिओचा 1951 चा, पुश्किनच्या कथेवरचा मृत राजकन्येचा चित्रपट घ्या. दिग्दर्शक इवान इवानोव-वानो. तिथे सावत्र आई मुलीच्या जिवावर उठते आणि ते मुलांना खुशाल दाखवलं जातं. म्हणजे मुलांपासून बापाची क्रूरता झाकायची, सावत्र आईची मात्र मिरवायची. याला मुलांच्या मनाची काळजी म्हणत नाहीत, पक्षपात म्हणतात.

आता थोडं चित्रणाच्या तंत्राबद्दल. 1940 आणि 50 च्या दशकांत या स्टुडिओत एक पद्धत फार चालली. खऱ्या नटनट्यांचा अभिनय आधी फिल्मवर घ्यायचा आणि मग त्यावरून एकेक चौकट रेखाटायची. तिथे याला ‘एक्लेर’ म्हणत. यामुळे नायिकांच्या हालचालींना एक डौल आला, तो नाकारता येणार नाही. पण ॲनिमेशन हे अशक्य ते शक्य करणारं माध्यम. त्या माध्यमात प्राणी वाटेल तसे ताणले जातात, राक्षस वाटेल तेवढे फुगतात, नायिका मात्र मान कलवून, पदर सांभाळल्यासारखी चालते. कल्पनेचं स्वातंत्र्य बाकीच्यांना, शिस्त तिला. म्हणूनच वासिलीसा बाही झटकून तळं निर्माण करते तो नाच आपल्याला एवढा मोकळा वाटतो. तेवढ्या वेळापुरती ती जग घडवते आहे.

म्हाताऱ्या स्त्रीचं काय झालं, तेही बघू. व्लादिमिर प्रॉप या अभ्यासकाने 1946 च्या ग्रंथात दाखवलं, की बाबा यागा ही मुळात मृतांच्या जगाच्या उंबरठ्यावरची राखणदार आहे. ती मुलं पळवते, लढते, तशीच मदतही करते. वासिलीसाच्याच नावाच्या दुसऱ्या एका कथेत मुलीला विस्तव मिळतो तो यागाकडून. पडद्यावर 1949 च्या ‘हंस-बदकां’च्या चित्रपटात ती मुलं पळवणारी उरते. 1979 च्या, गारी बार्दिनच्या ‘उडत्या जहाजा’त यागांचा गमतीदार गायक ताफाच होतो. 1980 च्या सुमारास तर एका मालिकेत ती मॉस्को ऑलिंपिकच्या शुभंकर अस्वलाच्या वाटेत काड्या घालते. आम्हीही हसलो. पण जी ज्ञान देत होती ती आधी भीतीची आणि मग हशाची धनीण झाली.

सगळं नाव ठेवण्यासारखंच आहे का? नाही. त्याच ‘उडत्या जहाजा’त राजकन्या झाबावा बापाने निवडलेल्या श्रीमंत पोल्कानला ठणकावून नकार देते. बाप परत गोष्टीत आला, जरी विदूषक म्हणून आला तरी. आणि 1975 चा, रोमान दाविदोवचा ‘वासिलीसा मिकुलिश्ना’ आवर्जून पाहा. मूळ वीरगाथेत नवरा भर मेजवानीत बायकोच्या हुशारीची बढाई मारतो आणि राजा त्याला तुरुंगात टाकतो. ती पुरुषवेश घेऊन दरबारात जाते, राजाला बनवते आणि नवऱ्याला सोडवून आणते. बघा, इथेही सत्तेला खुपली ती बाईची बुद्धीच! फक्त ती सिद्ध करायला तिला पुरुषाचे कपडे लागले.

आणि आजच्या काळात? ‘माशा आणि अस्वल’ ही 2009 पासूनची मालिका आपल्याकडेही नातवंडं पाहतात. मूळ लोककथेत अस्वल मुलीला जंगलातल्या झोपडीत अडकवून ठेवतं. ती अस्वलाच्याच पाठीवरच्या टोपलीत लपून, त्याच्याचकडून स्वतःला घरी पोचवून घेते. मालिकेत अस्वल प्रेमळ आहे आणि माशा धुमाकूळ घालते. मुलगी खोडकर असू शकते हे दाखवलं, ते छानच. पण संकट काढून टाकलं की त्यातून सुटण्याची अक्कलही काढून टाकली जाते.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. अशा चित्रपटांत स्त्री शूर आहे की दुबळी, एवढं मोजून भागत नाही. तिला शिक्षा कशाबद्दल झाली आणि तिच्या सुटकेचा निर्णय कोणी घेतला, हे विचारावं लागतं. सोविएत चित्रपटांनी वासिलीसाला दुबळं केलं नाही. त्यांनी तिला सुंदर केलं, धीट केलं, गुणी केलं. मात्र बापापेक्षा शहाणी असणं हा घरात अपराध ठरू शकतो, ही लोककथेने उघड सांगितलेली गोष्ट त्यांनी झाकली. आणि आज ज्या मुलीला घरात ‘फार शिकलीस, फार बोलतेस’ असं ऐकावं लागतं, तिला नेमकी तीच गोष्ट ऐकायची गरज आहे. आपल्याला छळणारा लांबच्या किल्ल्यातच असतो असं नाही आणि दोष आपल्या शहाणपणाचा नाही, हे तिला कळायला हवं.

नातवंडांबरोबर हे चित्रपट जरूर बघा. नंतर फक्त एवढं सांगा, की या गोष्टीचा आणखी एक पाठ आहे आणि त्यात एक म्हातारा कातड्याबद्दल काहीतरी बोलतो. पुढचे प्रश्न मुलं आपणहून विचारतील. इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.