शिलावर्तुळांचा काळ आणि कोसंबींची पद्धती

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वभागातील माळरानावर दगडांचे वर्तुळ आढळले म्हणजे ते प्रागैतिहासिकच असले पाहिजे, असे अनुमान फार सहजपणे काढले जाते. डिसेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या माळावरील पंधरा वेढ्यांच्या दगडी चक्रव्यूहाची वार्ता प्रसिद्ध झाली. तिच्या अनुषंगाने सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांतही तशा लहान रचना असल्याचे सांगण्यात आले आणि त्यांचा संबंध सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराशी जोडण्यात आला. पृष्ठभागावर जे दिसते त्यावरून काळ ठरविण्याची ही रीत नवी नाही. पश्चिम महाराष्ट्रात तिचा सर्वांत समर्थ प्रयोग दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केला. म्हणून या अनुमानांची परीक्षा करताना प्रथम कोसंबींच्या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा पाहणे इष्ट ठरते.

१९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात कोसंबींनी देवस्थानांचा विचार गावापासून नव्हे, तर वाटेपासून सुरू केला. मातृदेवतांची कित्येक ठाणी गावाबाहेर, वाटांच्या संगमावर का आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. गाव वसण्यापूर्वी तेथून वाट जात होती आणि ठाणे त्या वाटेचे होते, हे त्यांचे उत्तर. त्याच्या पुष्ट्यर्थ ते स्वतः पायपीट करून गारगोटीची सूक्ष्मास्त्रे वेचीत. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील बृहदश्मांवरही त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. ग्रंथ आणि भूमी एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची ही दृष्टी त्या काळी अपूर्व होती.

सातारा-सांगलीच्या भूमीला ही दृष्टी विशेष लागू पडते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. ओल्या आणि कोरड्या प्रदेशांतील हे अंतर मेंढपाळाला काही दिवसांत कापता येते, आणि त्याच्या जीवनाचा क्रमच या अंतराने घडविला आहे. आरेवाडीचा बिरोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, खरसुंडीचा सिद्धनाथ ही ठाणी याच अवर्षणप्रवण पट्ट्यात आहेत. गुंथर सोंथायमर यांनी १९७६ च्या आपल्या जर्मन ग्रंथात बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांचा अभ्यास धनगरांच्या मौखिक परंपरेच्या आधारे केला आणि देव व चराऊ भूमी यांचे नाते तपशिलाने दाखविले. कोसंबींच्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत भरीव उत्तर होय.

परंतु वाट प्राचीन आहे एवढ्यावरून वाटेवरचा दगड प्राचीन ठरत नाही. कोसंबींच्या विवेचनातील कच्चा दुवा नेमका येथे आहे. देवळाच्या परिसरात सूक्ष्मास्त्रे मिळाली, यावरून त्या जागी पूर्वी माणूस वावरला एवढेच निष्पन्न होते. तेथील आजची उपासना त्याच माणसाची आहे, हे निष्पन्न होत नाही. शिवाय सूक्ष्मास्त्रांचा वापर मध्याश्मयुगापुरता मर्यादित नव्हता. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतही ती विपुल आढळतात. मोकळ्या माळावर, जेथे माती धुपून निरनिराळ्या काळांचे अवशेष एकाच पातळीवर येतात, तेथे अशा वेचीव पुराव्यावर कालनिर्णयाचा भार टाकता येत नाही. कोसंबींनी परंपरेचे सातत्य संभाव्य करून दाखविले. पुढील लेखकांनी मात्र ते सिद्ध झालेले गृहीत धरले.

या उलट विदर्भातील शिलावर्तुळांकडे पाहावे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळांचे वर्णन रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये केले. त्यावेळी युरोपातील शिलावर्तुळांशी असलेले त्यांचे साम्यच अभ्यासकांना अधिक मोहविणारे वाटले. त्यांचे खरे स्वरूप कळले ते उत्खननांनंतर. बाळकृष्ण थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे, तर शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा येथे आणि त्यानंतर माहुरझरी येथे उत्खनन केले. वर्तुळांखाली दफने, लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मृद्भांडी आणि घोड्यांचे अवशेष व अलंकार मिळाले. नायकुंड येथे लोह गाळण्याची भट्टीही सापडली. तेव्हा ही वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन समाजाची होत, हा निर्णय आकृतीने नव्हे, आकृतीखालच्या मातीने दिला.

हा निकष सातारा-सांगलीतील रचनांना लावला की ‘शिलावर्तुळ’ हा एकच शब्द किती भिन्न वस्तूंवर पांघरूण घालतो ते ध्यानी येते. दफनावर रचलेले वर्तुळ वेगळे. मेंढ्या कोंडण्याचा दगडी वाडा वेगळा. मध्यभागी तिवडा रोवून बैलांनी मळणी करावयाचे, काठाला दगड लावलेले खळे आणखी वेगळे. ते शंभर वर्षांपूर्वीचेही असू शकेल. चक्रव्यूह तर वर्तुळाहून मुळातच निराळी रचना, कारण तिच्यात आत जाण्याचा मार्ग हाच मुख्य असतो. तिचे साम्य क्रीट बेटावरील नॉसस नगरीच्या नाण्यांवरील आकृतीशी आहे हे खरे. सातवाहनकाळी भूमध्यसागरी व्यापाराचे धागे दख्खनपर्यंत पोहोचले होते, हेही कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे मिळालेल्या रोमन कांस्यवस्तूंनी दाखविले आहे. तथापि तीच आकृती बाराव्या शतकातील हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूच्या प्रसंगी कोरलेली दिसते. जी आकृती हजार वर्षे जिवंत राहिली, ती स्वतःचा काळ कसा सांगणार? व्यापार झाला होता आणि आकृती सारखी आहे, या दोन विधानांची बेरीज म्हणजे कालनिर्णय नव्हे.

अशा दगडांना काहीच महत्त्व नाही, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र अनुचित होईल. ती रचना मेंढपाळांची ठरली तर ती ज्या पशुपालक जीवनाने या प्रदेशाचा इतिहास घडविला त्याचे दुर्मीळ साधन ठरेल. प्रागैतिहासिक नसल्याने तिचे मोल उणावत नाही. कोसंबींचा खरा वारसा त्यांच्या कालनिर्णयात नसून दगडाला वाट, पाणी, चारा आणि यात्रा यांच्यासह वाचण्याच्या त्यांच्या आग्रहात आहे. विदर्भातील उत्खननांनी त्या वाचनाला आवश्यक असलेली शिस्त दाखविली आहे. या दोहोंचा मेळ सातारा-सांगलीत अद्याप घालावयाचा आहे.

त्याला विलंब परवडणारा नाही. टेंभू व म्हैसाळ उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी आटपाडी, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांकडे नेले, आणि माळाचे शेत होऊ लागले. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी रस्ते निघाले. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला त्याने पाणी आल्यावर बांधाला दगड लावला, तर त्यास दोष देता येणार नाही. पण दगड हलला की त्याचा मूळ संबंधही नाहीसा होतो, आणि मग रोमन, लोहयुगीन की कालपरवाचा, हा वाद मिटविण्याचे साधनच उरत नाही. म्हणून प्रत्येक रचनेचा मोजलेला आराखडा, तिच्याभोवतीच्या वाटा व पाणवठे यांची नोंद आणि ती काय होती याविषयी तेथील वृद्ध धनगरांची व शेतकऱ्यांची साक्ष, एवढे तरी आधी व्हावयास हवे. काळाचा प्रश्न त्यानंतरचा. त्याचे उत्तर कुदळीने द्यावे, कल्पनेने नव्हे.