खिशातला कांदा आणि माठातले पाणी

उन्हाळा लागला की पूर्वापार उपायांच्या याद्या शाळेच्या फलकावर येतात: खिशात कांदा ठेवा, ताक-पन्हे प्या, डोक्याला रुमाल बांधा, माठातले पाणी प्या. माझा आक्षेप केवळ कांद्याला नाही. (खिशातला कांदा शरीरातील उष्णता कशी कमी करील, याचा काही मार्ग दिसत नाही, एवढे म्हणून तो बाजूला ठेवू.) आक्षेप असा, की कोणता उपाय कशामुळे आणि केव्हा लागू पडतो, हे यादी सांगत नाही.

परभणी जिल्ह्यातील बोरी घ्या. मे महिन्यात तिथली हवा तापलेली, पण कोरडी असते. माठ पाझरतो आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातून जाते. घामाचेही तसेच. तो वाळतो म्हणून आपण तगतो. त्याबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ घातलेले ताक उपयोगी. दारावरचे ओले पोते याच तत्त्वावर चालते. हे शहाणपण अस्सल आहे, पण ते कोरड्या हवेतले आहे.

हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने 14 जण दगावले. पारा 38 अंशांच्या आसपास होता; परभणीत मे महिन्यात याचे कोणाला फारसे काही वाटणार नाही. पण तिथे तासन्‌तास ऊन होते, गर्दी होती आणि हवा किनाऱ्यावरची होती. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. तेव्हा पावसाआधीचे उकाड्याचे दिवस बोरीलाही अधिक जड जाणार.

हे वर्गात दाखवता येते. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. मे महिन्यातील दुपारी आणि पुन्हा जूनच्या उकाड्यात दोन्हींची नोंद घ्या. दोन आकड्यांतले अंतर जितके कमी, तितका माठ आणि घाम निकामी.

जुन्या रीतीतला एक उपाय मात्र दोन्ही हवांत चालतो: पहाटे कामाला लागायचे आणि ऊन चढले की सावलीत थांबायचे. याद्यांत तो क्वचितच दिसतो. कांदा ज्याने त्याने खिशात ठेवायचा असतो. दुपारचे काम मजुरी न कापता थांबवणे मात्र शेताच्या मालकाने आणि मुकादमाने ठरवायचे असते.