भाषा मोकळी, पण एडिटर?

पायथन ही संगणकाची भाषा मोकळी आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती जगापुढे ठेवली, तेव्हापासून तिचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा. वर्गात हे सांगताना आपल्याला आनंद होतो. परंतु विद्यार्थ्याची गाठ आधी पडते ती एडिटरशी. दोन अक्षरे टाइप करताच पुढचा शब्द सुचवणे, चुकीखाली लाल रेघ ओढणे, ही कामे भाषा करत नाही. ती एडिटरच्या आड चालणारा वेगळाच प्रोग्राम करतो. आमचा आक्षेप आहे तो येथे.

मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड फुकट मिळतो आणि त्याचा बहुतेक सोर्स कोडही खुला आहे. त्याला पायथनचे ज्ञान पुरवणारा पायलान्स मात्र २०२० साली आला तो बंद परवान्यासह. त्याचा गाभा, पायराइट, पुन्हा खुलाच! व्हीएस कोडच्याच खुल्या कोडपासून बनवलेल्या व्हीएसकोडियम या एडिटरमध्ये पायलान्स वापरायला हा परवाना मनाई करतो. फुकट वस्तू मोकळी असतेच असे नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

कंपनीचे ऋणही मान्य केले पाहिजे. दहा एडिटर आणि दहा भाषा एकमेकांशी जोडायच्या तर शंभर जोडण्या लागतात. सर्वांनी एकच संकेत पाळला तर वीस पुरतात. असा संकेत मायक्रोसॉफ्टने २०१६ साली इतरांसह जाहीर केला आणि तो सर्वांना खुला ठेवला. पायथनचा वेग वाढवण्यासाठी २०२१ पासून पगारी माणसेही दिली. २०२२ ची ३.११ आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली. मात्र मे २०२५ मध्ये नोकरकपातीत हा आधार कंपनीने काढून घेतला. भाषा चालूच राहिली, कारण तिचा कोड कंपनीच्या मालकीचा नव्हता. पायलान्सच्या बाबतीत ही सोय नाही.

शाळेसाठी आम्ही थॉनी सुचवू. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तो तयार झाला आणि तो पूर्णपणे खुला आहे. मोठ्या कामाला तो तोकडा पडेल, दिसायलाही साधाच आहे. पण २ + ३ * ४ लिहून पायरीपायरीने चालवले, तर आधी ३ * ४ च्या जागी १२ आणि मग सगळ्याच्या जागी १४ आलेले मुलांना डोळ्यांनी दिसतात.