‘नाव’, ‘नाखवा’ आणि एक लोकप्रिय व्युत्पत्ती

इंग्रजीतील ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’पासून निघाला, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा छापले गेले आहे की पदव्युत्तर विद्यार्थीही ते उत्तरपत्रिकेत निःशंकपणे लिहितात. म्हणून त्याचे परीक्षण येथे करणे अवश्य वाटते.

विधानाचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे. वैदिक ‘नौ’, ग्रीक ‘नाउस्’, लॅटिन ‘नाविस्’, प्राचीन आयरिश ‘नाउ’ ही एकाच घरची भावंडे होत. त्यांतील कोणी कोणाचे अपत्य नव्हे. लॅटिनचा वारसा इटालियन ‘नावे’ व फ्रेंच ‘नेफ्’ यांस मिळाला आणि इंग्रजीला ‘नेव्ही’ जुन्या फ्रेंचमधून लाभली. मराठीत आपण ज्याला ‘बोट लागणे’ म्हणतो, तोच ‘नॉशिया’ या मूळच्या ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ. जर्मन ‘शिफ्’ व इंग्रजी ‘शिप’ मात्र वेगळ्या कुळीचे.

उत्तरार्ध सर्वस्वी चुकीचा आहे. लॅटिन ‘नाविगारे’ची फोड ‘नाविस्’ + ‘अग्’ अशी होते. हा ‘अग्’ म्हणजे आपला ‘अज्’ (हाकणे) धातू, ‘गम्’ नव्हे. ‘गम्’चे सगोत्र लॅटिनमध्ये ‘वेनिरे’ व इंग्रजीत ‘कम्’ असे आहेत. शिवाय वल्हे या अर्थाच्या ‘रेमुस्’पासून ‘रेमिगारे’, म्हणजे वल्हवणे, हे क्रियापद त्याच साच्यात बनते. तेथे कोणती ‘गति’ शोधावयाची? गंमत अशी की ‘गति’तील ‘ति’ आणि ‘नाविगातिओ’चा अन्त्य प्रत्यय यांचे नाते खरे आहे. त्याकडे या मंडळींचे लक्ष गेलेले नाही.

अधिक खेद दुसऱ्याच गोष्टीचा वाटतो. इंग्रजी कोशात पूर्वजांचे वैभव शोधणाऱ्यांनी वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर क्षणभर थांबावयास हवे होते. तेथे रोजच्या बोलण्यातला शब्द ‘होडी’. तिचा प्रमुख मात्र ‘नाखवा’. हे फारसी ‘नाखुदा’चे रूप असून ‘नाव’ आणि ‘खुदा’, म्हणजे नावेचा धनी, अशी त्याची घडण आहे. फारसीतील हा ‘नाव’ वैदिक ‘नौ’चा इराणी भाऊ. अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर तो किनाऱ्यावर आला आणि ‘ना’ एवढ्या एका अक्षरात कोळ्यांच्या तोंडी, पुढे आडनावातही, स्थिरावला. सगोत्र शब्द आणि उसना शब्द यांतील भेद शिकविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

होडीवर रंगविलेले ‘नाव’ मात्र ‘नामन्’चे, म्हणजे लॅटिन ‘नोमेन्’चे सगोत्र. 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ते ‘नांव’ असे लिहीत, आणि दोहोंतील फरक डोळ्यांना तरी दिसत असे.