चाल कुणाची, बोल कुणाचे?

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत काय वाजतं ते आधी ऐका, मग मुंबईच्या इंग्रजी बँडवाल्यांना हसा. सिनेमाची चाल, तिच्यावर बाबासाहेबांचं नाव आणि पाठीमागं डीजेची भिंत. वर आपणच म्हणायचं, ही कॉलेजची पोरं गोऱ्यांची नक्कल करतात! नक्कल कुणी किती केली आणि कुणी कधी सोडली, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. त्यासाठी मी एका रॉक बँडचा इतिहास घेतो. त्याचं नाव इंडस क्रीड.

हा बँड 1984 साली मुंबईत उभा राहिला. तेव्हा नाव होतं रॉक मशीन. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन, आणि पुढं गायला उदय बेनेगल. साल ध्यानात ठेवा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणगावात गेलेले आपले रत्नागिरीचे कितीतरी चाकरमानी वळकटी बांधून गावाला परतले. भोंगे मुके झाले त्याच शहरात विजेच्या गिटारी बोलू लागल्या. गिटार, ॲम्प्लिफायर, सरावाला खोली, सरावाला वेळ. आठ माणसं एका खोलीत झोपतात तिथं हे कुठून येणार?

पण एवढ्यावर थांबलो तर ती समीक्षा होत नाही, नुसती शिवी होते.

त्या काळात रॉकचा श्रोता यायचा तो परदेशी बँडांची गाणी ऐकायला. जो हुबेहूब वाजवील तो मोठा. अशा गर्दीसमोर स्वतः रचलेलं गाणं वाजवायचं म्हंजे शिट्ट्या खायची तयारी पाहिजे. रॉक मशीननं तो हट्ट धरला. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि 1990 साली 'द सेकंड कमिंग' हे अल्बम काढले. 1993 ला नाव बदलून इंडस क्रीड केलं. इंडस म्हंजे सिंधू. 1995 ला त्याच नावाचा अल्बम आला. 1997 ला बँड मोडला. 2010 ला पुन्हा जमला आणि 2012 ला 'इव्हॉल्व्ह' आला, आठ गाण्यांचा. सुरुवातीचा बँड हार्ड रॉकचा. या शेवटच्या अल्बममध्ये तो प्रोग्रेसिव्ह रॉककडं सरकला.

आता हा शब्द नीट समजून घ्या. प्रोग्रेसिव्ह म्हटलं की आपल्याला वाटतं पुरोगामी. तसं नाही. 1970 च्या आगंमागं इंग्लंडात किंग क्रिमसन, येस, पिंक फ्लॉइड या बँडांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. गाणी लांबवली, मध्येच ताल बदलला, चारच्या जागी पाच नि सात मात्रा आणल्या. पुढं जायचं ते रचनेत. समाज पुढं न्यायचा करार त्यात कुठंच नाही. 'स्वतंत्र' या शब्दाचंही तसंच. आपल्या देशात स्वतंत्र संगीत म्हंजे सिनेमाच्या बाहेरचं संगीत. जातीच्या बाहेरचं, असा त्याचा अर्थ कुणी लावत नाही.

पाळी सुटल्यावर मोबाइलवर मी 'इव्हॉल्व्ह' दोनतीनदा ऐकला. वाद्यं कळली, त्यांची मेहनत कळली. शब्द मात्र दाराबाहेर राहिले, कारण ते इंग्रजीत. चाल त्यांनी स्वतःची केली. पण ज्या शहरात उभं राहून गायले, त्या शहरातल्या चाळींची नि झोपडपट्ट्यांची बोली त्यांच्या गाण्यात आली नाही. तीस वर्षांच्या कामाचं हे मोठं उणं आहे.

आता आपल्याकडं या. आपलं बरोबर उलटं झालं. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपले बोल आपले होते, रक्तातले होते. चाल मात्र पुष्कळदा उसनी. त्या उसनवारीला कारण होतं. छापायला पैसा नाही, रेकॉर्ड काढायला कंपनी नाही, ऐकणाऱ्याला अक्षरओळख नाही. ओळखीच्या चालीवर गाणं बसवलं की एका रात्रीत ते वस्तीच्या तोंडी जायचं. ती शाहिरांची अक्कल होती. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्ड करायचं यंत्र आहे. कारण संपलं, सवय उरली. आणि त्या सवयीवर डीजेवाला भाडं घेतो.

1997 साल पुन्हा बघा. इंडस क्रीड मोडला ते साल. त्याच साली 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसं मेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. एका बाजूचा बँड मोडला तरी त्याचे अल्बम राहिले, आणि तो तेरा वर्षांनी पुन्हा जमला. घोगरेंचं गाणं राहिलं ते मुख्यतः लोकांच्या गळ्यात आणि आनंद पटवर्धनांच्या चित्रपटांत. परत जमायची सोय आपल्या शाहिराला नसते.

म्हणून दोन्ही अर्धी जोडायची वेळ आली आहे. कुणी जोडलीच नाहीत असं नाही. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'नं गिटार-ड्रमवर बुद्ध आणि भीम आणला. चेन्नईत जानेवारी 2018 मध्ये पा. रंजित आणि तेन्मा यांचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना, त्यात रॅप आणि रॉक. नाव घेतलं अयोथी दास पंडितांच्या विचारातून: जात नसलेले तमिळ. तिथं चालही वस्तीची, बोलही वस्तीचे, आणि गिटार त्यांच्या सेवेला.

मग आपण? कोकणात जाखडी आहे, नमन आहे, खालूबाजा आहे. काही मित्र म्हणतील, वाजवणं आपण सोडलं ते बरं केलं. बरोबर आहे. गावकीच्या हुकमानं, भाकरतुकड्यासाठी वाजवायचं ते सोडलंच पाहिजे होतं. पण सोडली ती वेठ. ताल कुणाच्या बापाचा नव्हता. पिंक फ्लॉइडनं 'मनी' हे गाणं सात मात्रांत बांधलं म्हणून जग वाखाणतं. आपला तबलजी सात मात्रांचा रूपक भजनात रोज वाजवतो, त्याला कोण विचारतं?

तालुक्यातल्या प्रत्येक शाखेनं येत्या 14 एप्रिलला एकच करावं. डीजेच्या पैशातून एक ढोलकी, एक गिटार घ्यावी आणि एक गाणं बसवावं. बोल आपले, चालही आपली. पहिलं गाणं बेसूर होईल. होऊ द्या. उसन्या चालीवर नाचणाऱ्या पायांना आपली वाट सापडायला वेळ लागतोच.