काला, प्रभुभोजन आणि उष्टे

ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायची वेळ आली की लेखक हटकून काल्याचे उदाहरण देतो. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, दही-लाह्यांचा प्रसाद हातोहात जातो. तिकडे भाकर मोडतात, प्याला फिरवतात. म्हणजे एकूण एकच. मीही पूर्वी एका व्याख्यानात हेच सांगितले होते. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “काल्याला आमच्या आज्याला कुणी बोलावलं होतं? आन् उद्या तुम्ही आमच्या चर्चात आले, तर पाळक तुम्हाला भाकर देईल का?”

या दोन प्रश्नांनी माझी तुलना मोडली. कोल्हारला राहून, जमेल तशी पुस्तके मिळवत, मी पुढे जे वाचले ते बरेचसे या दोन प्रश्नांच्या मागे लागूनच.

आधी विधीची मूळ गोष्ट पाहू. वल्हांडण सणाच्या दिवसांत, अटक झाली त्याच रात्री, येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली, प्याला दिला, हे माझे शरीर व रक्त आहे असे म्हटले आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा असे सांगितले. या आज्ञेला मराठीत मिळालेली नावे पाहण्यासारखी आहेत. अमेरिकन मिशनच्या परंपरेत ‘प्रभुभोजन’ रुळले, अँग्लिकन प्रार्थनेत ‘पवित्र सहभागिता’, कॅथलिकांत ‘मिस्साबलिदान’. एका शब्दात पंगत आहे, दुसऱ्यात वाटा, तिसऱ्यात यज्ञ. भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते की ती केवळ स्मरणाची खूण आहे, यावर युरोपात शतकानुशतके वाद झाले. ते वाद इथेही आले. पण आपल्याकडच्या मातीत आधी उभा राहिला तो वेगळाच प्रश्न. माझ्या आधी या प्याल्याला कुणाचे ओठ लागले?

हा प्रश्न आपण धर्मशास्त्राबाहेरचा समजतो. मला तसे वाटत नाही. प्रभुभोजनाविषयीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक म्हणजे पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. त्याच्या 11व्या अध्यायात पौल रागावला आहे. भाकरीत काय घडते यावर तो वाद घालत बसत नाही. त्याचा राग आहे तो करिंथच्या मंडळीत सुखवस्तू माणसे आपले आधी जेवून घेतात, कुणी पिऊन तर्र होतो आणि गरीब उपाशी राहतात, यावर. असे जेवण हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो बजावतो. म्हणजे पंगतीतला भेद हा नंतर चिकटलेला सामाजिक दोष नाही. त्या भेदाने विधीच रद्द होतो, असे पहिल्या शतकातच सांगून झाले होते.

तरी भारतात ते ऐकायला वेळ लागला. तमिळ प्रदेशात तरंगमबाडीच्या जुन्या प्रोटेस्टंट मिशनमध्ये अठराव्या शतकात काही काळ उच्च समजल्या जाणाऱ्या जातींना एक आणि परयांना दुसरा, असे दोन प्याले होते. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्रक काढून चर्चमधला जातिभेद सोडण्यास सांगितले, तेव्हा तंजावर आणि मद्रासकडे माणसे मंडळ्या सोडून गेली. ख्रिस्त सोडवेना, पण शेजाऱ्याचा प्यालाही घेववेना, अशी ती कोंडी.

त्याच सुमारास आपल्या नगरला काय चालले होते? अमेरिकन मिशनऱ्यांनी 1831च्या अखेरीस नगरला ठाणे केले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा ब्राह्मण ख्रिस्ती होता. हॉलिस रीड या मिशनऱ्याने 1836 मध्ये त्याचे चरित्र न्यूयॉर्कला प्रसिद्ध केले. पुस्तक अर्थातच मिशनच्या देणगीदारांसाठी लिहिलेले आहे, ते सावधपणे वाचावे लागते. पण एवढे निश्चित, की नगरच्या पहिल्या मंडळीत निराधारांच्या आश्रयगृहातली, खालच्या मानलेल्या जातींची माणसे होती आणि बाबाजी त्यांच्यात वावरला. 1833 मध्ये तो पटकीने वारला. आज त्याचे नाव नगरमध्येही फारसे कुणाला माहीत नाही. टिळकांच्या साठ वर्षे आधी हा माणूस त्या पंगतीत बसला होता.

उष्ट्याची अडचण प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने सोडवली, किंवा टाळली. कॅथलिक चर्चने 1415च्या कॉन्स्टन्स परिषदेत सामान्य भाविकांना प्याला देणे बंद केले होते. कारणे युरोपातली होती. त्यामुळे जेझुइट धर्मगुरू आपल्या भागातल्या खेड्यांत आले तेव्हा भाविकाला मिळे ती पातळ पोळीची चकती, धर्मगुरूच्या हातून थेट जिभेवर. एकाचे उष्टे दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकन धर्तीच्या मंडळ्यांत मात्र प्याला होता. पुढे 1890च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या धास्तीने एकेकासाठी लहान पेले निघाले. मी पाहिलेल्या इकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत आता बहुधा तेच पेल्यांचे तबक फिरते. पेल्यात मनुकांचे पाणी किंवा द्राक्षाचा रस. आरोग्याच्या दृष्टीने त्याला कोण नाव ठेवणार? तरी मला चुटपूट लागते ती लागतेच. ज्या एका वस्तूत जातीला खरा नकार होता, ती वस्तू कसलाही वाद न होता तबकातून निघून गेली.

त्या नकाराची किंमत काय होती, हे कळायला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. कोल्हारहून मनमाड रस्त्याने नगरकडे निघाले की राहुरी लागते. टिळकांचा संसार काही काळ तिथे होता. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांत त्या बाईंचे मन प्रभूवरून अडलेले दिसत नाही. ते अडते पाण्यावर, चुलीवर, कुणाच्या हातचे घ्यायचे यावर. समीक्षक या भागातल्या विनोदावर खूश असतात. मला तो भाग प्रभुभोजनावरचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक भाष्य वाटतो, आणि त्यात त्या विधीचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही. केशवचंद्र सेनांनी 1881 मध्ये कलकत्त्यात भाकर-द्राक्षारसाऐवजी भात आणि पाणी घेऊन हा विधी केला, त्याचे कौतुक होते. पदार्थ देशी झाला. हात कुणाचा, हा प्रश्न राहिलाच.

हे झाले आतल्या पंगतीचे. आता दार. ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेतच बाप्तिस्मा न घेतलेल्याने या भोजनातले खाऊ नये असा दंडक आहे. प्राचीन चर्चमध्ये शिकाऊ श्रद्धावंतांना विधीआधी बाहेर पाठवत. ‘मिस्सा’ हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या निरोप देण्याच्या वाक्यातून आला आहे. तेव्हा त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न बिनतोड होता. प्रभुभोजनाचे दार अरुंद आहे. पण दारातून आत गेल्यावर, निदान वचन तरी असे, की पुन्हा कुणी तुमची पायरी विचारणार नाही.

काल्याचे नेमके उलट. त्याला दारच नाही, म्हणून तो सर्वांचा. पंढरपूरच्या काल्यात वारकरी एकमेकांच्या मुखात लाह्या घालतात, म्हणजे उष्ट्याची बंदी तिथेही मोडते, आणि मोठ्या आनंदाने मोडते. चोखोबाच्या घरी विठ्ठल जेवला आणि पीतांबरावर दही सांडले, ही कथा आपण डोळे पुसत ऐकतो. पण चोखोबाच्या जातीला त्या देवळात जायला 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. माझ्या घरात वारी आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. ‘आज्याला कुणी बोलावलं होतं’ याचे उत्तर माझ्याकडे नाही.

ही दोन्ही टोके एकाच माणसाला दिसली होती, ती टिळकांना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पंगत तशीच ठेवून दार रुंद करण्याचा मराठीतला तो बहुधा एकमेव गंभीर प्रयत्न. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार विस्कटला. पुढे 1970 मध्ये उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल परंपरा एका छताखाली आल्या, ‘सहभागिता’ आणि ‘भोजन’ शेजारी बसले. हे ऐक्य मोठे होते. पण ते चर्चा-चर्चांमधले. दाराबाहेरच्याशी त्याचा संबंध नव्हता.

गेल्या वर्षी त्याच वृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्या मंडळीच्या उपासनेला नेले. मी शेवटच्या बाकावर बसलो. तबक ओळीओळीने फिरत आमच्यापर्यंत आले. त्यांनी आपला पेला घेतला, तबक माझ्यासमोरून पलीकडच्या माणसाकडे दिले आणि मान खाली घातली. बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी पिशवीतला डबा उघडला आणि आपल्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.